माझ्या नावावर घातलेली लोटांगणं

विलम हॉल्तकाम्प मुळातच तापट. हॉलंडमध्ये फुटबॉलमध्ये बचावपटू म्हणून खेळला, गुडघा गेल्यावर प्रशिक्षक झाला, आणि तोंडावर ताबा नाही म्हणून तीन क्लबांनी त्याला घरी बसवलं. गाझियाबादच्या क्लबात मात्र तो चक्क दोन वर्षं टिकला. इथे आपलं ऐकून घेतात, असं त्याला वाटत होतं.

आज अध्यक्षांनी त्याला काढून टाकलं. संघ सारखा हरत होता.

"हरणारच!" विलमने टेबलावर मूठ आपटली. "तुमचा पुतण्या पळतच नाही. त्याला बाहेर बसवा म्हणून दर सोमवारी लेखी कळवलंय मी!"

अध्यक्षांनी फाइल उघडली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत वाचून दाखवलं, "मुलगा होतकरू आहे. त्याला आणखी संधी द्यावी." प्रत्येक हिंदी अहवालाखाली विलमची सही होती.

विलम गर्रकन सूर्यकांतकडे वळला. सूर्यकांत पेंढारकर क्लबचा सचिव, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेला. विलम इंग्रजीत सांगायचा, तो हिंदीत लिहून काढायचा.

"बत्तीस वर्षं फायलींवर शेरे लिहिलेत, सर," सूर्यकांत पुटपुटला. "साहेबांच्या नातेवाइकाबद्दल असं लिहीत नसतात. तुमची नोकरी टिकावी म्हणूनच..."

"माझ्या नावावर दोन वर्षं लोटांगणं घातलीस तू!" विलम कडाडला.

अध्यक्षांनी फाइल मिटली.

"सॉरी, कोचसाहब. आम्हाला स्पष्ट बोलणारा माणूस हवाय."