मेंढरांचं औषध

घरात एखादा शहाणा असला की घर चालतं. प्रियंकाच्या घरात सगळेच शहाणे होते, म्हणून खरूज हटत नव्हती.

सुरुवात सासूपासून झाली. लक्ष्मीबाईंच्या बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ उठलं आणि अंधार पडला की खाज सुटायला लागली. "उष्णता हाय," असा त्यांनी निकाल दिला. मग प्रियंकाच्या नवऱ्याला, रविराजला सुटली. त्यानं दहिवडीच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दोन दिवस बरं वाटलं, नंतर दुप्पट. मग दुसरी ट्यूब, मग शेजारच्या चंद्राबाईंनी सांगितलेलं करंजाचं तेल. असं करत करत खाज सासऱ्यांपर्यंत, म्हणजे धोंडीबांपर्यंत गेली आणि त्यांच्याकडून त्यांच्या लाडक्या नातीकडं.

नात म्हणजे प्रियंकाची पोरगी सृष्टी. फलटणला वसतिगृहात राहून नववीत शिकत होती आणि खो-खो खेळत होती. खेळत होती म्हणजे काय, पळायला लागली की बघणाऱ्याची मान दुखायची. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आलेली. पण खो द्यायचा तर बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात मारावा लागतो, आणि सृष्टीचे हात बघून मुली पाठ आखडून घ्यायला लागल्या. एकीनं तर तोंडावरच सांगितलं, "तू मला खो देऊ नको." वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. पोरीला घेऊन जा, अंग साफ झालं की आणा, निवडीच्या आत झालं तर तिचं नशीब.

प्रियंकानं मग कुणाला विचारलं नाही. सृष्टीला घेऊन थेट फलटणच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाईंनी दोघींचे हात भिंगाखाली धरले आणि म्हणाल्या, "खरूज आहे. किडा असतो, डोळ्याला दिसत नाही. घरात किती माणसं?"

"चार आमी. आन् सासरं मेंढरांमागं असत्यात. हितंच, फलटणच्या शिवारात मेंढरं बसवल्यात."

"त्यांच्यासकट सगळ्यांनी एकाच दिवशी गोळ्या घ्यायच्या. आठवड्यानं पुन्हा एकदा, तेही एकाच दिवशी. एक जरी सुटला तरी सगळ्यांना परत होणार." मग बाईंनी पाकिटावर बोट ठेवलं. "यातल्या कागदावर पोटातल्या जंतांचं लिहिलंय, खरजेचं नाव नाही. घाबरू नका. खरजेच्या किड्यालाही ही लागू पडते, आम्ही कातडीचे डॉक्टर विचार करूनच देतो. तुम्ही मेंढरंवाले ना? मग आणखी एक. हेच औषध जनावरांच्या बाटलीत मिळतं. त्या बाटलीला हात लावायचा नाही, तिचं माप माणसाला झेपत नाही. आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यानं धुवा. जे धुता येत नाही ते आठवडाभर पोत्यात बांधून ठेवा."

एवढं स्पष्ट सांगितल्यावर एखाद्या दगडालाही कळलं असतं. पण घरी दगड नव्हते, माणसं होती.

रविराजनं आधी पाकिटातला कागद उलगडला. मोबाइलवर एकेक शब्द बघितला आणि जाहीर केलं, "आगं, ही जंताची गोळी हाय. डॉक्टरनं चुकीची दिली."

लक्ष्मीबाईंना तेवढंच पाहिजे होतं. "माझ्या पोटात काय बी न्हाई. खाज हाताला आन् गोळी पोटाला? कुटला न्याय म्हनायचा ह्यो?"

"आवं आत्या, डोकं दुखल्यावर गोळी डोक्याला चोळता का?" प्रियंका म्हणाली.

यावर सासूबाई रुसल्या. मग प्रियंकानं सगळ्यांना चुलीपुढं बसवलं, प्रत्येकाच्या हातावर गोळी ठेवली आणि गिळून झाल्यावर तोंड उघडायला लावलं. नवऱ्यालासुद्धा. तो बडबडत राहिला, पण गोळी पोटात गेली.

त्याच दुपारी ती एसटीनं फलटणला जाऊन धोंडीबांच्या तळावर पोचली. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसलेली, आणि धोंडीबा खांद्यावर घोंगडं टाकून उभे. त्यांना फारसं वाचता येत नव्हतं, पण प्रियंकानं औषधाचं नाव घेतलं मात्र, म्हातारा भडकला.

"आगं, हे तर आपल्या मेंढरांचं औषध! जनावरांचा डाक्टर हेच नाव घेतुय. मला काय मेंढरू समजलीस व्हय?"

"मामा, माणसांच्या गोळ्या येगळ्या हायत. सृष्टीसाठी घ्या. ही आज, आन् ही फुडच्या आठवड्यात. आन् घोंगडं द्या, पोत्यात बांधायचंय."

"घोंगडं?" धोंडीबांनी ते छातीशी धरलं. "देवाम्होरं हातरलेलं घोंगडं हाय ह्ये. भंडारा लागलाय याला. पोत्यात घालतीस?" मग नातीचं नाव आठवून आवाज खाली आला. "गोळ्या ठेव हितं. भाकरी खाल्ली की घेतो."

उन्हातान्हाची आलेली, शेवटची एसटी गाठायची होती, आणि सासऱ्यापुढं आणखी किती बोलायचं, म्हणून प्रियंकानं गोळ्या ठेवल्या. सासूला तोंड उघडायला लावणारी बाई सासऱ्यापुढं पदर सावरून उठली. तिचं चुकलं ते इथंच.

आठवड्यानं घरच्यांची दुसरी गोळीही झाली. सृष्टीचे हात साफ झाले. डॉक्टरीणबाईंनी बरी झाल्याचं लिहून दिलं, वसतिगृहानं घेतलं. पोरगी पुन्हा मैदानावर पळायला लागली, आणि फोनवर आईला सांगायची, "आता समद्या पाठ देत्यात." प्रियंकानं देवापुढं नारळ फोडला.

निवडीच्या आधीच्या शनिवारी सृष्टी नेहमीप्रमाणं तळावर मुक्कामाला गेली. तळ वसतिगृहापासून जवळच होता. लहानपणापासून ती आबांच्या, म्हणजे धोंडीबांच्या घोंगड्यात झोपायची, तशीच झोपली. प्रियंकाला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. म्हाताऱ्यानं गोळ्या घेतल्यात असं ती धरूनच चालली होती.

निवडीच्या आदल्या दिवशी वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. या वेळी आवाज थंड होता. पुन्हा तेच उठलंय, पोरीला न्या.

प्रियंका वसतिगृहाच्या दारात पोचली तेव्हा सृष्टी पिशवी घेऊन पायरीवर बसली होती. रडत नव्हती. दोन्ही हात ओढणीखाली लपवले होते. "उद्याचं बोलू का बाईंशी?" प्रियंकानं विचारलं. पोरगी नुसती नाही म्हणाली. प्रियंकाचा राग मस्तकात गेला. रडायला नंतर वेळ होता. वाटेत डॉक्टरीणबाईंना गाठून तिनं पुन्हा सगळ्यांच्या गोळ्या घेतल्या आणि पोरीला घेऊन तळाकडं सुटली.

धोंडीबा बोटांच्या बेचक्यात खरवडत बसले होते.

"मामा, गोळ्या घेतल्या व्हत्या का न्हाई?"

म्हातारा गडबडला. मग त्यांनी कळपाकडं बोट केलं. एक ठिपक्यांची मेंढी उड्या मारत चरत होती. "चंदीला घातल्या. लय खोकत व्हती गं. म्हटलं, मेंढरांचं औषध, वाया कशाला घालवायचं? बघ की, कशी टुणटुणीत झालीया!"

प्रियंकानं कपाळावर हात मारून घेतला. जिला खरूज नव्हतीच त्या मेंढीला खरजेच्या गोळ्या घालून या माणसानं नातीची निवड बुडवली होती.

"मामा, मागल्या साली मेंढरांवर गोचीड आली तवा समद्या कळपाला एका दिवशी औषधाच्या पाण्यात बुडवलं का न्हाई? ही चंदीच शेजारच्या आकारामच्या कळपात घुसली व्हती. दिवसभर हिंडून तुमी तिला हुडकून आणली आन् बुडवली. का आणली? एक सुटलं तर समद्यास्नी परत, आसं तुमीच म्हनाला व्हता. तुमी कळपातलं न्हाई व्हय? उद्या पोरीची निवड व्हती. गेली ती. तुमच्यापायी गेली."

सासऱ्याशी ती जन्मात असं बोलली नव्हती. धोंडीबांनी सृष्टीकडं बघितलं. सृष्टीनं हात ओढणीतून बाहेर काढले नाहीत. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"फुडल्या साली आसती की गं निवड," ते पुटपुटले.

त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, त्याला कपाळ लावलं आणि प्रियंकाच्या हातात दिलं. तिनं ते खताच्या रिकाम्या पोत्यात कोंबून तोंड सुतळीनं आवळलं. मग गोळ्या काढल्या. धोंडीबा गोळी हातात घेऊन तिच्याकडं नुसते बघत बसले. नव्वद मेंढरांना औषध पाजलेला माणूस, स्वतःच्या वेळी गोळी तोंडापर्यंत नेईना.

तेव्हा सृष्टी उठली. आबांनीच तिला शिकवलं होतं, मेंढराला औषध कसं द्यायचं ते. तिनं त्यांच्या हातातून गोळी घेतली, डाव्या हातानं हनुवटी धरली, अंगठा ओठाच्या कोपऱ्यात घातला.

"आ करा, आबा."

म्हाताऱ्यानं मुकाट्यानं आ केला. तिनं गोळी जिभेच्या मागं ठेवली, तांब्यातलं पाणी ओतलं आणि तोंड मिटून धरलं. गळा हलेपर्यंत सोडलं नाही. मग, मेंढराला सोडताना द्यायची तशी, त्यांच्या पाठीवर एक थाप मारली. थाप मारून झाल्यावर हात तिथंच राहिला, कारण ती पाठ आखडली नव्हती.

"खो," सृष्टी म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.