रुपरावांच्या छातीतला आवाज

"आहे सर, मर्मर आहे!" स्टेथोस्कोप कानातून निघायच्या आत रजतने सांगून टाकलं.

डॉ. नागसेन रंगारींचे डोळे चमकले. सावज आपणहून जाळ्यात आलं होतं. "कुठं आहे? कसा आहे?"

रजत खाटेवरच्या रुपरावांच्या छातीकडे नुसता बघत राहिला आणि खाटेभोवतीची शिकाऊ डॉक्टर पोरं खसाखसा हसली.

हृदयाची झडप नीट मिटली नाही की रक्त मागे गळतं आणि त्याचा बारीक आवाज येतो, तो मर्मर. रामटेकच्या रुपरावांचा ताप उतरत नव्हता आणि कारणही सापडत नव्हतं. पण हृदय साफ आहे, हे सरांनी सकाळीच स्वतः ऐकून ठरवलं होतं. दरवर्षी नव्या बॅचला साफ हृदयात मर्मर शोधायला लावून ते असंच फसवत. न ऐकता 'आलं सर' म्हणणाऱ्यांची त्यांना भारी चीड. ऐकू आलं नाही तर तसं सांगा, हा त्यांचा जन्माचा धोशा. गावोगावच्या शाळांतून पोरांच्या छात्या ऐकून त्यांनी बिघडलेल्या झडपा शोधल्या होत्या. सगळं संशोधन या दोन कानांवर उभं होतं.

हर्षा पुढे झाली. "काका, जरा समोर वाका. श्वास सोडा अन् थांबा." तिने बराच वेळ ऐकलं. "सर, आहे. डाव्या बाजूले, एकदम बारीक. फुंकर मारल्यावानी."

"पुस्तकातलं नको सांगू, बेटा."

"पुस्तकातलं काहून सांगू सर? मले खरंच ऐकू येऊन राहिलं."

सरांना चेव चढला. "चला, इकोच करू! आत्ताच सोक्षमोक्ष लावू!"

रुपरावांना व्हीलचेअरवर बसवून वरात निघाली. सर सगळ्यांच्या पुढे, तरातरा.

"मले काही झालं काय साहेब?" रुपराव घाबरले.

"काही नाही झालं, तेच या पोरीले दाखवतो!"

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर झडप उघडली, मिटली, आणि मिटल्यावरही रंगाची एक बारीक धार मागे उडाली. झडपेला काहीतरी चिकटलेलं थरथरत होतं.

"जंतू लागले झडपेले!" सर ओरडलेच. "म्हणून ताप हटत नव्हता! अरे, सापडलं! " ते हाताखालच्या डॉक्टरकडे वळले. "दुर्गेश, रक्त तपासायले पाठव, आजच औषध सुरू करू. रुपराव, वेळेत सापडलं बरं का, बरे होसान तुम्ही!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. "मी बी तं म्हटलं होतं सर," रजतने आपलं घोडं दामटलं.

आनंदाच्या भरात सरांनी स्टेथोस्कोप कानाला लावला. रुपराव वाकले, त्यांनी श्वास रोखला. सरांनी चकती दाबून धरली. धडधड स्पष्ट येत होती. मधे काहीच नव्हतं.

त्यांनी पुन्हा ऐकलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"मले नाही ऐकू आलं," सर म्हणाले. "सकाळीही आलं नव्हतं. मी चुकलो."

त्यांनी कानातला स्टेथोस्कोप काढून हर्षाच्या हातात दिला.

"सोमवारी शाळेतल्या पोरांच्या छात्या तू ऐकशील, हर्षा. मी सोबत येतो." मग त्यांना राहवेना. "कसा आहे तो, दाखव बरं."

हर्षा संकोचली. पुढे होऊन तिने त्यांच्या कानाशी हलकेच फुंकर मारली.

सरांनी डोळे मिटून घेतले होते.

"अजून एकदा, बेटा."