पालथा घातला की गप्प

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. बटणांचा, जाडजूड, खिशात घातला की सदरा एका अंगाला ओढणारा. माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला म्हणे. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरा उजेड आठवतो आणि पुष्कळसे हातमोजे आठवतात. चेहरा एकही आठवत नाही.

माझे डोळे खरे उघडले ते रायपूरला. छत्तीसगड राज्य तेव्हा नवं होतं आणि रायपूर त्याची नवी राजधानी. भोपाळहून फायली येत होत्या, फायलींमागून साहेब येत होते, आणि ज्याला त्याला मोबाइल हवा होता. धर्मपाल गजभिये यांनी मला निवृत्तीच्या दिवशी घरी आणलं. ते रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीचे डबे दुरुस्त करत, हाडाचे फिटर. माणूस अबोल, पण मला शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून बुढा तलावाच्या काठानं चालू लागले की त्यांची ऐट बघण्यासारखी असे. माझीही काही कमी नसे.

माझ्यात एकच खोड होती. माझा आवाज फार मोठा. धर्मपालांची बोटं चौतीस वर्षं हातोडा धरून टोकाशी बधिर झालेली, त्यांना माझी बारीक बटणं कळत नसत. मला गप्प करायचं म्हणजे त्यांना घाम फुटे. एका रविवारी विहारात वंदना चालू असताना मी असा काही खणखणलो की सगळ्यांचे मिटलेले डोळे उघडले. धर्मपाल मला दाबतात, मी वाजतोच आहे. शेवटी कांताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला पदरात गुंडाळून बाहेर धाव घेतली.

"पुढच्या रविवारी याले घरीच ठेवा," त्या म्हणाल्या. "मले मेल्याहून मेल्यासारखं झालं."

ही गोष्ट त्यांच्या मुलीनं, रीनानं, ऐकली. रीनाचं बुढापारा मोहल्ल्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एका जिन्याखालचं टेबल आणि वर दिवा. तिनं मला टेबलावर घेतलं आणि माझं पोट उघडलं. आत थरथर करणारी एक छोटी मोटर होती, ती काढून टाकली. त्या जागी पितळेची इवलीशी नळी बसवली आणि नळीत एक बारीक छर्रा सोडला. मी उताणा असलो की छर्रा तारेला टेकायचा आणि घंटी वाजायची. मला पालथं घातलं की छर्रा घरंगळून बाजूला व्हायचा, आणि मी गप्प. बटण नको, काही नको. जाड बोटांच्या माणसालाही जमेल असं.

मग बॅटरीखाली तिनं सुईनं खरडलं: धर्मपाल, आणि खाली तारीख. दुरुस्तीवाल्यांची ही रीतच आहे. टेबलावर वीस फोन उघडे पडलेले असतात, कुणाचा कुठला ते कळावं म्हणून आत गिऱ्हाइकाचं नाव घालतात. दुरुस्त करणारा आपलं नाव कधी घालत नाही. घालून करायचं काय?

मित्रांनो, पालथं पडून राहण्यात काय सुख असतं ते तुम्हाला कसं सांगू? दर रविवारी विहारातल्या गार फरशीवर मी तोंड खाली करून पडायचो. वर पन्नास माणसांचा एक सूर चाललेला असायचा, तो फरशीतून माझ्या पाठीपोटात झिरपायचा. मध्येच एखादा फोन यायचा. तो आवाज माझ्या दाराशी येऊन थबकायचा, आत यायचा नाही, परतही जायचा नाही. कुणी भिलाईहून बोलावत असेल, कुणी गोंदियाहून. मी त्या सगळ्यांना उंबऱ्यावर बसवून अर्धवट झोपेत असायचो. मला वाटायचं, सगळं शहरच असं पालथं निजलं आहे, तलावही, टेकड्यांसारखे रचलेले सिमेंटचे ढीगही, आणि कुणाला काही घाई नाही. माझ्या आयुष्यातले तेच दिवस सर्वांत चांगले.

विहारातल्या चौघांनी रीनाकडून आपापल्या फोनात तसंच करून घेतलं. पुढे काचेचे फोन आले, बटणांची हौस सरली. माझं पोट रीना मधूनमधून पुसायची, बॅटरी बदलायची, आणि धर्मपाल मला सोडायला तयार नव्हते.

आठ-नऊ वर्षांनी एके दुपारी अनिमेष नावाचा तरुण वकील दुकानात आला. तो रायपूरच्याच समता कॉलनीत वाढलेला, आता दिल्लीत मोठ्या वकिलांच्या हाताखाली काम करत होता. शाळेत असताना तो रीनाकडे फोन दुरुस्त करायला यायचा, आणि धर्मपालांनी मला टेबलावर पालथं घातलेलं त्यानं पाहिलं होतं.

"दीदी, वो फोन अभी भी है क्या? काका का?" त्यानं विचारलं. त्याला मराठी समजत असे, बोलताना मात्र हिंदीच तोंडात येई.

रीना त्याला घरी घेऊन आली, आणि तिथं त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझा पडदा उजळायचाच राहिला. दोन बड्या मोबाइल कंपन्या कोर्टात एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. पालथा घातला की गप्प बसणारा फोन ही माझी कल्पना, माझ्याकडे पेटंट आहे, तू विकायचा नाहीस, असं एक म्हणत होती. दुसरीला दाखवायचं होतं की ही गोष्ट त्याच्याही आधीपासून कुणीतरी, कुठंतरी, चारचौघांत वापरत होतं. तसं ठरलं तर ती कल्पना कुणा एका कंपनीची राहणार नव्हती. अनिमेष या दुसरीचा वकील.

"आमाले काय भेटते त्याच्यात?" कांताबाईंनी विचारलं.

"मिलेगा कुछ नहीं, काकू. पर कोर्ट के कागज में नाम रहेगा, के सबसे पहले किसने बनाया."

 रीनानं मला उचललं आणि माझी बॅटरी काढून अनिमेषपुढे धरली. तारीख बरोबर होती, पेटंटच्या चांगली दोन वर्षं आधीची. अनिमेषचा चेहरा खुलला. मग त्यानं तारखेच्या वरचं नाव वाचलं आणि थोडा विचार करून म्हणाला, "ये तो और अच्छा है. काका फिटर थे, नाम भी इन्हीं का है. हलफनामे में लिख देते हैं कि काका ने बनाया. कोई सवाल ही नहीं उठेगा. दीदी का लिखें तो सामनेवाले पूछेंगे, सबूत क्या?"

मित्रांनो, मी रीनाच्या हातात होतो. तिचा अंगठा माझ्या पाठीवर फिरत होता, तो थांबला. मला तेवढंच कळलं आणि तेवढं पुरे होतं.

"लिहा ना बाबांचं," ती म्हणाली. "काय फरक पडते? घरातलंच नाव आहे."

धर्मपालांनी मला तिच्या हातातून घेतलं आणि मांडीवर पालथं घातलं. 

"अनिमेष बेटा," ते म्हणाले, "चौतीस वर्षं मी डबे ठोकले. हजारो असतील. एकावरही माहं नाव नाही. त्याचं मले दुःख नाही, ते कामच तसं होतं. पण जे मी केलं नाही त्याच्यावर माहं नाव टाकू? अन् तेही या पोट्टीचं पुसून?"

"काका, केस कमजोर हो जाएगा."

"होऊ दे. मी खोटं नाही लिहून देत."

"बाबा, काहून जिद्द करून राहिले तुम्ही?" रीना म्हणाली.

सबूत पाहिजे ना, मग रीनाचे हातच सबूत, असं धर्मपालांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे हलफनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, करायला कचहरीजवळच्या नोटरीकडे गेलो. हकीकत ऐकून त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आपलाच जुना फोन ड्रॉवरमधून काढून रीनापुढे ठेवला. "कर के दिखाओ, बेटी." रीनानं पदराच्या टोकानं टेबल पुसलं आणि कामाला लागली. नळी, छर्रा, दोन तारा. बाहेर टाइपरायटर कडकडत होते, पंखा कुरकुरत होता, आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासात तिनं फोन मिटला. धर्मपालांनी माझ्यावरून फोन लावला. तो वाजला. नोटरींनी तो पालथा घातला. तो गप्प झाला. त्यांनी तो तीनदा उताणा-पालथा करून पाहिला, शेवटी तर नुसत्या मजेखातर.

मग त्यांनी माझी बॅटरी काढली, मला खाकी लिफाफ्यात घातलं, तोंड चिकटवलं, वर टाइप केलेली चिठ्ठी डकवली आणि चिठ्ठीच्या कडेवर लाख ओतून शिक्का मारला. मी दिल्लीला निघालो.

दीड वर्ष मी एका कपाटात होतो. अंधार होता, पण भीती वाटली नाही. मला फक्त एकच काळजी होती, रीनाचं नाव कुणी वाचेल ना? आज सुनावणी, उद्या सुनावणी, असं कपाटाबाहेरून ऐकू यायचं. जज साहेब मला हातात घेतील, पालथं घालतील, विचारतील, ही रीना कोण, असं स्वप्न मी रोज पाहायचो. स्वप्नात त्यांचीही बोटं जाड असायची.

तसं झालं नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, पण त्या दोघी शहाण्या निघाल्या. कोर्टाबाहेर त्यांनी तडजोड केली, तुझंही चालू दे, माझंही चालू दे. खटला मिटला. माझ्यापर्यंत पाळी आलीच नाही. कुरिअरनं मी बुढापाऱ्यात परत आलो.

"म्हणजे कोणी उघडून पाहिलंच नाही?" कांताबाई म्हणाल्या. लाख जशीच्या तशी होती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि मलाही. खोटं कशाला बोलू? "आणा इकडे, फाडते. चार्ज करून पाहू, जिवंत आहे का."

"नको," धर्मपाल म्हणाले. "शिक्का चिठ्ठीवर आहे. लिफाफा फाडला तर चिठ्ठी फाटते."

रीना दुकानातून आली होती. तिनं लिफाफा घेतला आणि चिठ्ठीवर नजर टाकली. मग ती तो वडिलांपुढे धरून म्हणाली, "बाबा, हे वाचा ना एकदा. मोठ्यानं."

धर्मपालांनी चष्मा लावला. अक्षर अक्षर जुळवत त्यांनी वाचलं, "वस्तू, मोबाइल फोन, एक. बनानेवाली, कुमारी रीना धर्मपाल गजभिये. बुढापारा, रायपूर."

"पुन्हा," रीना म्हणाली. ते पुन्हा वाचू लागले, पण दुसऱ्या ओळीवर त्यांनी चष्मा पुसायला काढला, तेव्हा पुढचं कांताबाईंनी पाठ म्हणावं तसं म्हटलं. त्यांना वाचता येत नाही, पण एकदा ऐकलेलं त्या विसरत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या हातातल्या वस्तूवर कुणाचं तरी नाव मोठ्या अक्षरात असेल. ते वाचाच. पण ती कुणाच्या हातची आहे, कुणासाठी आणि कशापायी सुचली, तेही कधी विचारा. विचारलं नाही तर ते कुणी आपणहून सांगत नाही.

मी आता गजभियांच्या कपाटात, लिफाफ्यातच आहे. उताणा आहे की पालथा, ते मला कळत नाही. कधी वाटतं, कुणीतरी दाराशी येऊन थबकलं आहे आणि मी अर्धवट झोपेत आहे. जुन्या वस्तू सहसा तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, आम्हाला पुन्हा चालू करा. माझी विनंती तेवढी उलटी आहे. मला उघडू नका.