गाळलेले वाक्य

“पुलावरची वाहतूक सुरळीत चालू आहे,” मंत्री म्हणाले, आणि तिने डावा हात आडवा धरून त्याचा पूल केला. उजव्या हाताची मूठ त्यावरून सावकाश पलीकडे नेली. मूठ म्हणजे ट्रक. एक गेला, त्यामागून दुसरा गेला. कानातल्या बटणातून कागद उलटल्याचा आवाज आला, तसे तिने हात छातीशी आणून थांबवले.

मंत्री शेजारच्या सभागृहात बोलत होते. ती या बाजूच्या लहानशा खोलीत करड्या पडद्यासमोर, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी होती. मंत्री तिला दिसत नसत, नुसते ऐकू येत. टीव्हीवर खालच्या कोपऱ्यात एक चौकोन असे, त्यात ती असे, आणि ज्यांना ऐकू येत नाही ती माणसे मंत्र्यांपेक्षा तिच्याकडेच बघत. लढाई सुरू झाल्यापासून रोज दुपारी चारला हे निवेदन ठरलेले होते.

“सगळे ताफे परत आले आहेत. जे चालक गाड्या टाकून पळाले, त्यांच्यावर कारवाई केली जाईल.”

‘पळाले’ला दोन बोटे पुरतात. तळहातावरून ती भराभर पळवायची. गुरुवारी हेच वाक्य पहिल्यांदा आले तेव्हा ती चांगली पळाली होती. आज मधेच अडखळली. हातांना खोटे बोलता येत नाही असे लोक म्हणतात. तिच्या हातांना नीट येत होते, त्याचीच तर नोकरी होती.

कानात खट् झाले आणि सगळे शांत झाले. तिने हात खाली सोडले.

घरी पोचली तेव्हा बाबा खिडकीजवळच्या टेबलावर पुस्तक शिवत बसले होते. तिसऱ्या वर्षी आलेल्या तापात त्यांचे कान गेले, आणि पुढे छापखान्यातल्या यंत्रांच्या कल्लोळात सगळ्यांची डोकी उठत असताना बाबांनी तिथे बत्तीस वर्षे शांतपणे बांधणीचे काम केले. आताही घरी चार-दोन पुस्तके येत. ती दारात दिसताच त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. या घरात बोलायचे तर आधी हात मोकळे करावे लागत.

“आज शेवटचं वाक्य गाळलंस,” बाबा हातांनी म्हणाले.

“कुठलं?”

“सगळ्यात शेवटचं. कागद मिटून बाजूला वळून म्हणाले ते. तुझे हात तोवर खाली.”

ती पर्स खांद्याला तशीच ठेवून उभी राहिली.

“ते लोकांसाठी नव्हतं, बाबा. माइक बंद झाला होता.”

“तोंड चालू होतं.”

माइक चालू काय, बंद काय, बाबांच्या लेखी तो एक काळा दांडा होता. समोर माणूस बोलतोय तर त्याचे पुढे आले पाहिजे, इतकी सरळ त्यांची अपेक्षा होती. तिने पर्स उतरवली आणि त्यांच्यासमोर बसली.

“काय म्हणाले?”

बाबांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा तिच्याकडे सरकवला. त्यावर त्यांनी पेन्सिलने एकाखाली एक लिहिले होते: पूल. फूल. भूल. मूल. आणि चौघांसमोर एकच शब्द: कुठंय?

“ओठ मिटले, उघडले, चंबू झाला. एवढंच दिसतं. प, फ, ब, भ, म, सगळी एका घरची. पुढचं ‘कुठंय’ मात्र पक्कं.” त्यांनी फुलावर बोट ठेवले आणि ते खोडून टाकले. मग भुलीवर. “भूल कुठंय असं कुणी विचारत नाही. मंत्री तर नाहीच नाही.”

राहिले दोन. बाबांची जुनी मैत्रीण, त्यांच्यासारखीच ठार बहिरी असलेली शिंपीणबाई, निवेदन बघत होती. तिने लगेच फोनच्या पडद्यावर समोर येऊन हातांनी सांगितले होते, मूल कुठंय. शपथेवर सांगायलाही तयार होती.

“तिची नातवंडं परगावी आहेत. तिला भिंतीवरही मूल दिसतं,” बाबा म्हणाले. मग स्वतःकडे बोट करून, “आणि मला पूल दिसतो. ओठ अर्धे डोळ्यांनी वाचतात, अर्धे मनाने. तेव्हा माझंही धरू नकोस.”

पूल का दिसतो, हे तिने विचारले नाही. धाकटा भाऊ ट्रक चालवत होता. गेल्या सोमवारी, बरोबर सात दिवसांपूर्वी, त्याचा पलीकडून फोन आला होता. “पोचलो. उद्या माल उतरवतो, परवा निघतो.” औषधे आणि पीठ होते गाडीत. त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. समोरच्या दारातल्या वहिनींचा नवरा त्याच्याच मागच्या गाडीवर होता, त्याचीही तीच गत. आणि गुरुवारी मंत्री म्हणाले, पळाले. ते बाबांना कळले ते स्वतःच्या मुलीच्या बोटांतून. त्या संध्याकाळी बाबा एका पुस्तकाची सोळा पाने उलटी शिवून बसले, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

वहिनींनी दुसऱ्याच दिवशी नवऱ्याच्या कपड्यांचे गाठोडे बांधले. “सासूबाईंकडे पाठवते,” त्या जिन्यात म्हणाल्या होत्या. “पळालाय ना, मग आईकडेच जाईल.” जिन्यातल्या बाकीच्यांनी भराभर पायऱ्या चढून घेतल्या होत्या.

“सात वाजता पुन्हा दाखवतात. तेव्हा बघू,” ती म्हणाली.

सात वाजता पुन्हा दाखवले. मंत्र्यांचे शेवटचे वाक्य संपले, आणि लगेच झेंडा आला.

मंगळवारी सकाळी ती दोन तास आधी कामावर गेली आणि तळमजल्यावरच्या एडिटिंगच्या खोलीचे दार ढकलले. एडिटर एकटाच होता. जाडजूड, डुलकी लागल्यासारखा दिसणारा आणि कधीही डुलकी न लागलेला माणूस.

“कालच्या निवेदनाच्या शेवटी काय होतं, ते बघायचंय,” ती म्हणाली.

“शेपटी होय?” त्याने खुर्ची वळवली. “कालच हुकूम आलाय. इथून पुढे शेवटच्या शब्दाला कापायचं. आणि कालची शेपटी पुसून टाकायची. तू का विचारतेस?”

“घरी कुणीतरी विचारलं.”

त्याने शेजारची खुर्ची पायाने पुढे केली.

“अकरा वर्षांत मला ‘हे ठेव’ असं कुणी सांगितलेलं नाही. ‘हे काढ’, एवढंच. त्यामुळे काढतो त्यात काय असतं, ते बघायचा नादच लागलाय. बस. दुसऱ्या कॅमेऱ्याचंही आहे.”

दुसऱ्या कॅमेऱ्यात सचिव दिसत होते. बाबांना हे दिसलेच नव्हते. मंत्री वळले, ओठ मिटले, उघडले. सचिव किंचित वाकले आणि काहीतरी म्हणाले. छोटेसे. आवाज कशालाच नव्हता. एडिटरने गती कमी केली, मग आणखी कमी.

“काय म्हणतोय तो?”

“मला नाही वाचता येत.”

“आयुष्यभर हेच करतेस ना?”

“हात येतात. ओठ बाबांना येतात.”

फोन फाटकावरच जमा करावे लागत, त्यामुळे काही उचलून नेण्याचा प्रश्न नव्हता. तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली. सचिवांचे तोंड उघडले की आपले उघडायचे, जीभ वर गेली की वर न्यायची. अर्थ कळत नव्हता, पण आकार धरता येत होता. एडिटर मागे-पुढे करत राहिला. बाराव्या वेळेला तिचे तोंड सचिवांच्या तोंडाबरोबर सुटले आणि बरोबर मिटले.

“नीट घे,” तो म्हणाला. “मी पुसलं की हे फक्त तुझ्या तोंडात उरणार.”

मग त्याने पुसले. त्याला पुसावेच लागणार होते, आणि तिनेही नको म्हटले नाही.

चारच्या निवेदनात पूल पुन्हा सुरळीत होता. तिने ट्रक पलीकडे नेले. परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून ते आकार घोकत होती. समोरच्या बाईने आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

घरात उजेड होता तोवर तिने बाबांना खिडकीशी बसवले. स्वतः समोर बसली आणि आवाज न करता सचिवांचे वाक्य म्हणाली.

“पुन्हा,” बाबा म्हणाले.

ती सावकाश म्हणू लागली.

“सावकाश नको. तो बोलला तसं.”

बाबांच्या बोटांना खळ लागलेली होती. त्याच बोटांनी त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. ती तिसऱ्यांदा म्हणाली. बाबा ओठांकडे बघत होते, आणि ती बाबांच्या डोळ्यांकडे. दिवसभर तोंडात धरून आणलेली वस्तू दुसऱ्याने उघडून सांगायची होती. तिला लहानपणीची कोडी आठवली. बाबांना उत्तर आले की त्यांची डावी भुवई आधी हलायची.

भुवई हलली.

“राहिला नाही,” बाबांचे हात म्हणाले. “मंगळवारीच.”

“राहिला? का राहिलं?” तिने घाईने विचारले. मूल असते तर राहिलं असते.

“ला. शेवटी तुझं तोंड उघडं राहिलं. तिन्ही वेळा.”

पूल कुठंय. राहिला नाही. मंगळवारीच.

बाबांनी टेबलावरची कात्री, खळीची वाटी, दोऱ्याचे रीळ, सगळे एका कडेला सारले, जणू पुढचे बोलायला जागा लागणार होती. मग हवेतच एक नदी काढली. सोमवारी गाडी पलीकडे पोचली. मंगळवारी माल उतरवायचा होता, म्हणजे गाडी पलीकडेच. त्या मंगळवारी पूल गेला. फोनच्या तारा पुलावरूनच जात होत्या, त्याही गेल्या. बुधवारी निघायचे होते, पण कशावरून?

“आणि मंत्र्यांनाच माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “आठवडाभर मी ज्या पुलावरून ट्रक नेतेय, तो आहे की नाही, हे त्यांनी काल विचारलं. कळल्यावर आज पुन्हा तेच वाचलं.”

बाबांना मंत्र्यांमध्ये फारसा रस उरला नव्हता.

“पोरगा कुठंय ते कळलं नाही,” ते म्हणाले. “पण तो पळाला नाही.”

मंगळवारी काम लवकर आटपून गाड्या आधीच निघाल्या असतील तर, हे दोघांच्याही मनात आले असणार. बाबांनी हात गुडघ्यांवर ठेवले होते, म्हणजे त्यांना त्यावर बोलायचे नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी ते उचलले.

“समोर जाऊन सांग.”

“बाबा, मी सही केलीय. तिथे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही.”

“तू ऐकलंस?”

ती विचारात पडली. “नाही.”

“मीही नाही,” बाबा म्हणाले. “या घरात कुणीच काही ऐकलेलं नाही.”

वहिनींनी साखळी न काढता दार उघडले. चार बोटांच्या फटीतून त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता.

“वहिनी, पूल राहिलेला नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “गेल्या मंगळवारीच गेला. आपली माणसं पलीकडे अडकली असणार. पळाली नाहीत.”

“कोण म्हणालं?”

“मंत्री.”

वहिनींच्या चेहऱ्यावर आलेले काहीतरी तिथल्या तिथे विझले.

“पळाला, हेही तेच म्हणाले होते ना? मला ऐकू येतं, ताई, तरी त्या दिवशी मी तुमच्या हातांकडेच बघत होते. वाटलं, तुम्ही तरी ते वेगळं कराल.” त्यांनी दाराच्या कडेवर हात ठेवला. “तुम्ही नोकरी करता, तुमच्यावर राग नाही. पण त्या माणसाचं आता कशाकशाचं धरायचं? उद्या म्हणेल, पूल परत आला.”

दार मिटू लागले.

“माइक बंद झाल्यावर म्हणाले,” ती म्हणाली.

दार थांबले. जिन्यात वरून कुणीतरी उतरत होते. ती पावले खालपर्यंत जाईतो दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग साखळी निघाली आणि दार पूर्ण उघडले.

“बाबांनाही बोलवा,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना दिसलं तसं मला बघायचंय.”