पाच किलो आणि एक पिवळी दांडी

मी बावीस वर्षं पोस्टात पार्सलाच्या खिडकीवर बसतेय. समोर खोकं आलं की काट्याकडे न बघता सांगते, तीन किलो दोनशे. चुकलं तर पन्नास ग्रॅम इकडेतिकडे. तेव्हा सामान कसं भरायचं हे मला कुणी शिकवू नये, आणि नवऱ्याने तर मुळीच शिकवू नये.

आमचे हे मोटरसायकलचे मिस्त्री. तीस वर्षं डोंगरातल्या दगडगोट्यांच्या वाटांवर गाडी घातली, मलाही त्यांनीच शिकवलं, आणि दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता बास. तेव्हापासून गाडी मी चालवते आणि काळजी हे करतात. माझी हत्यारांची पिशवी तेच भरायचे. भरायचे म्हणजे काय, कोंबायचे! एकदा तिच्यातून अख्खा कार्ब्युरेटर निघाला, तोही दुसऱ्याच गाडीचा. मी विचारलं तर म्हणाले, "घासला की बसतो तो."

गेल्या वर्षी त्या पिशवीनेच माझी शोभा केली. आमच्या गाडीवाल्यांच्या टोळीबरोबर फेरीला गेले असताना वाटेत साधं पंक्चर झालं. पिशवी अकरा किलोची, पण ठिगळ कुठे आहे ते मला सापडेना. शेवटी रडकुंडीला येऊन ह्यांना फोन केला. हे शेजाऱ्यांचा टेम्पो घेऊन तीन तासांनी लंगडत आले आणि पिशवीच्या तळातून, एका मोज्यातून, ठिगळाची डबी काढून माझ्या हातात ठेवली. सगळी टोळी बघत होती. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या टोळीच्या म्होरक्या म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी लगेच दोन नियम काढले. हत्यारांची पिशवी पाच किलोच्या आत, निघताना काट्याला टांगून बघणार. आणि आपापली पिशवी, आपापले हात. जो घरून गाडी मागवेल त्याला त्या वर्षीच्या आठ दिवसांच्या फेरीतून सुट्टी. "नियम सगळ्यांना सारखा हं, ताई," असं म्हणताना बाई बघत माझ्याकडेच होत्या.

ती आठ दिवसांची फेरी म्हणजे उंच कड्यावरची. हे दोनदा करून आलेत. तिथल्या वाऱ्याच्या गोष्टी ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मला तो वारा एकदा स्वतः खायचा होता, बस. त्याआधी दोन दिवसांची एक छोटी फेरी होती. ती फोन न करता पार पाडली की माझी जागा पक्की.

"या वेळी पिशवी मी भरणार," मी जाहीर केलं.

"भर की," हे म्हणाले. माणूस इतक्या सहज ऐकतो तेव्हा मला संशयच येतो.

माझी पद्धत सरळ होती. अंगणात फक्त पिशवीतल्या सामानावर मागचं चाक काढायचं, ट्यूब बदलायची, चाक परत चढवायचं. ज्याला हात लागला नाही त्याने पिशवीतून निघायचं. ह्यांना मी स्टुलावर बसवलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, नाहीतर ते हात आपोआप माझ्या पान्याकडे आले असते. पहिल्यांदा मला दीड तास लागला. पाचव्यांदा चाळीस मिनिटं. टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, एक ट्यूब, ठिगळं, पंप, चेनची एक जादा कडी, क्लचचा दांडा, प्लग, तार, चिकटपट्टी आणि मागच्या चाकाच्या नटाचा एक आखूड, हलका पाना. चार किलो आठशे.

दुसऱ्या दिवशी पिशवी उचलली आणि हातालाच कळलं. पाच किलो शंभर! आत हातभर लांबीचा गंजका पाईप होता.

"हा कशाला?"

"पान्यावर चढवायला. दांडा लांब झाला की जोर मिळतो."

"पाचही वेळा पाईपशिवाय नट निघाला ना? मग?"

मी पाईप काढला. दोन दिवसांनी तो परत आत. मी परत काढला. तिसऱ्यांदा सापडल्यावर माझं डोकं फिरलं. तो उचलला आणि अंगणातल्या कुंडीत, वाकलेल्या रोपाला टेकू म्हणून खोचून दिला. "आता इथून हलला तर बघा!"

निघायच्या आदल्या सकाळी मी आंघोळीला गेले असताना अंगणातून कर्रर्र असा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर हे गाडीपाशी उभे, हातात गॅरेजमधला दोन फुटी पाना.

"काय केलंत?"

"काही नाही गं. मागच्या नटावर एकदा हात फिरवला. तू आवळलेला नट म्हणजे बरणीचं झाकण."

सामानाच्या जाळीला मागच्या बाजूने एक नवीन पिवळी दांडीही बसवलेली दिसली. दोन्ही टोकांना हाताने फिरवायचे कानवाले नट. "तंबूची वळकटी बांधायला बरी पडेल," हे म्हणाले. दिसायला छान होती, म्हणून मी काही बोलले नाही. कुंडीतलं रोप पुन्हा मान टाकून पडलं होतं, पण निघायच्या गडबडीत तिकडे बघायला वेळ कुणाला होता?

डॉक्टरीणबाईंनी पिशवी काट्याला टांगली. चार किलो आठशे, ना एक ग्रॅम इकडे, ना एक तिकडे. "वा, ताई!" त्या म्हणाल्या. मी अशी काही ऐटीत गाडीवर बसले की विचारू नका.

पहिला दिवस मस्त गेला. दुसऱ्या दिवशी, घर फक्त चाळीस किलोमीटर राहिलं असताना, चढावर एका धारदार दगडाने मागची ट्यूब फोडली. मी घाबरले नाही. उलट म्हटलं, आता बघाच. गाडी दगडावर टेकवली, पिशवी उघडली, पाना नटाला लावला आणि जोर दिला.

नट हलेना. दोन्ही हातांनी लोंबकळले. हलेना. पाय देऊन उभी राहिले तर पाना सटकला आणि मी धुळीत आपटले. आमच्यातले बेकरीवाले भाऊ चांगले शंभर किलोचे. ते म्हणाले, "ताई, मी चढू का पान्यावर?" डॉक्टरीणबाईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. भाऊ मागे सरले आणि बिस्किटं खाऊ लागले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हात फिरवला म्हणे! दोन फुटी पान्याने जन्माचा आवळून ठेवला होता तो नट, आणि माझ्या पिशवीत वीतभर पाना. असा राग आला ह्यांचा! प्रेमाने गाडी नीट करायला जातात आणि माझ्या पायावर धोंडा पाडतात. अर्धा तास गेला. घामाने डोळे चुरचुरत होते. खिशातल्या फोनला त्या चढावर नेमकं नेटवर्क होतं. एक फोन, की हे लंगडत येणार, चुटकीसरशी नट काढणार, आणि तो कड्यावरचा वारा पुढच्या वर्षावर जाणार. मी फोन हातात घेतला. खरं सांगते, त्यांचं नाव काढून त्यावर अंगठासुद्धा धरला.

आधी चार शिव्या तरी तयार ठेवाव्यात म्हणून मी मनात आमचं सगळं भांडण पहिल्यापासून उगाळू लागले. पिशवी, पाईप, पान्यावर चढवायचा पाईप, कुंडी, मान टाकलेलं रोप...

रोप का पडलं होतं?

मी वळून जाळीकडे बघितलं. तंबूची वळकटी त्या पिवळ्या दांडीला बांधलेलीच नव्हती, तिची काही गरजच पडली नव्हती. कानवाले नट दोन बोटांनी सुटले. दांडी आतून पोकळ. पिवळ्या रंगाखाली एका टोकाला गंज डोकावत होता. पान्यावर चढवली तर अशी बसली, जणू मापानेच कापलेली.

पाईप पिशवीत घालता येईना म्हणून ह्या माणसाने तो गाडीलाच जोडला होता! गाडीला काट्यावर कोण टांगतंय? आणि आपला हात जड आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आवळल्याशिवाय राहवणार नाही हेही ठाऊक होतं. म्हणून आधी पाईपची सोय, मग नट.

मी दांडीवर वाकले. नट कर्रर्र करून सुटला. तोच आवाज, अंगणातला. एवढं हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. ह्यांना स्वतःला येता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आपला हात तेवढा लांब करून पाठवला होता. भाऊ घाबरून विचारू लागले, "ताई, लागलं का कुठे?" मी म्हटलं, "नाही हो. डोळ्यांत धूळ गेली."

नट सुटल्यापासून त्रेचाळीस मिनिटांत चाक जागेवर. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघून मान डोलावली. दांडीकडेही बघितलं त्यांनी, आणि हेल्मेट चढवून गाडीला किक मारली.

घरी पोचले तर हे स्टुलावर, पाय लांब करून, फाटकाकडे डोळे लावून बसलेले. दोन दिवस तिथेच बसले होते की काय कोण जाणे.

"काही लागलं का?" त्यांनी विचारलं.

"छे! काही नाही."

ते उठले, लंगडत गाडीभोवती एक चक्कर मारली. जाळीपाशी थांबले. दांडीच्या टोकाचा पिवळा रंग खरवडला गेला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि ताकास तूर लागू न देता म्हणाले, "रंग कच्चाच निघाला."

ते परत स्टुलावर टेकले, तशी मी पिशवी त्यांच्या मांडीवर आपटली. "आठ दिवसांची फेरी पुढच्या महिन्यात आहे. बाई म्हणाल्यात, तिला सात किलो चालतील. भरा तुम्ही. पण मला दाखवून भरा. आणि मागचा नट मी आवळणार, मीच. समजलं?"

ते पिशवीची चेन उघडून आत बघत बसले. मग म्हणाले, "नट तू आवळणार असशील तर दांडीचं काय काम? काढून लावतो परत कुंडीत. रोप बिचारं पडलंय."

"हात तर लावून बघा दांडीला!" मी ओरडले, आणि रोपाला टेकू शोधायला गेले.