पहिली गाडी थांबली तेव्हा

रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची भिंत उभी होती. मधून वाहने सुसाट धावत होती आणि प्रत्येक वाहनामागून उठणारा वारा कपड्यांचे कोपरे ओढून नेऊ पाहत होता. या डांबराचा मूळ रंग कोणता, हे आता कुणालाच सांगता आले नसते. तेल, रबर आणि वाळलेले रक्त यांनी त्याला तिसराच रंग दिला होता.

फुटपाथच्या अगदी धारेवर मार्गनाथ उभा होता. अंगात पायघोळ पांढरी कफनी, डोळ्यांवर दुहेरी काळी पट्टी. पट्टी खरोखरच जाड होती. ज्याला शंका असेल त्याने स्वतःच्या डोळ्यांवर बांधून पाहावी, असे तो रोज सांगे आणि रोज कुणी ना कुणी बांधून पाहून ओशाळा होई.

"रस्ता म्हणजे डांबर नाही, मायबाप," तो म्हणत होता. "रस्ता म्हणजे भूक. तो आधी एक गाडी थांबवतो. प्रेमानं थांबवतो. या म्हणतो. आणि तुम्ही आत पाऊल टाकलं, की गिळतो. वाहनाला चार चाकं दिसतात तुम्हाला. पाचवं चाक कर्माचं. ते मला दिसतं."

पाचव्या चाकाला स्टेपनी म्हणतात आणि ती डिकीत असते, हे सांगण्याची तिथे कुणाची छाती नव्हती.

मग वळणाच्या पलीकडून घोष ऐकू आला. "उघड, वाट उघड." एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात, वाढत वाढत तो मार्गनाथापर्यंत पोचला, तोवर दोन्ही कडा एका सुरात ओरडू लागल्या होत्या. मार्गनाथाने उजवा हात उभारला. शेवटचा ट्रक धडधडत गेला आणि त्यामागे काहीच आले नाही. दोन लेनचा तो एकेरी रस्ता पुसल्यासारखा मोकळा झाला. आंधळी पावले टाकत मार्गनाथ संथपणे पलीकडे पोचला, आणि त्याची टाच फुटपाथला लागते न लागते तोच वाहनांचा लोंढा पुन्हा वळणातून फुटून बाहेर आला. माणसे रडू लागली. काहींनी डांबराला कपाळ टेकले.

समोरच्या इस्पितळातल्या अपघात विभागाची डॉक्टर गर्दीच्या मागे उभी होती. ती चमत्कार पाहायला आली नव्हती, आईला घरी न्यायला आली होती. आई पहिल्या रांगेत होती. तिच्या मनगटावर मार्गनाथाने मंत्रून दिलेला काळा दोरा होता आणि डोळ्यांत असे काही उजळले होते, जे बाबा गेल्यापासून डॉक्टरने पाहिले नव्हते. तिला त्या उजेडाची भीती वाटली.

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या शिंप्याला स्ट्रेचरवरून आत आणले. आणले म्हणण्यापेक्षा गोळा करून आणले. मांडीचे हाड पँटच्या कापडातून बाहेर आले होते. तेच कापड त्याने स्वतः बेतून शिवले असणार, हा विचार डॉक्टरच्या मनात उगाच डोकावून गेला. छाती एका बाजूने आत बसली होती. डॉक्टर ती दोन्ही हातांनी दाबत राहिली आणि प्रत्येक दाबासरशी तळव्याखाली फासळ्या वाळक्या काटक्यांसारख्या कुरकुरत राहिल्या. वॉर्डबॉय मामांनी अखेर तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती थांबली. शिंप्याच्या मनगटावर काळा दोरा होता. त्याचा एक धागाही तुटला नव्हता.

बाहेर बाकावर दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर बसला होता. त्याने कुणालाही उडवले नव्हते, तरी तो आपणहून आला होता.

"मी थांबलो होतो," तो म्हणाला. "हातानं जा म्हटलं त्याला. त्यानं डोळे मिटले आणि निघाला. माझ्या शेजारून ती गाडी आली. मी थांबलो होतो हो, डॉक्टर."

हे वाक्य डॉक्टरने आधी ऐकले होते. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस घरी येऊन, दारातच बसून, नेमके हेच बोलला होता. बाबांसाठीही एक गाडी थांबली होती. बाबांनी आभाराचा हात वर केला आणि पुढचे पाऊल टाकले. आई फुटपाथवर उभी राहून पाहत होती. त्यानंतर तिला जे दिसले, ते तिने कधीच कुणाला सांगितले नाही.

घरी आई भाजी निवडत बसली होती. शिंप्याचे तिला कळले होते.

"त्याची श्रद्धा कच्ची," ती म्हणाली. "रविवारी मी जाणार आहे. महाराज म्हणाले, आता दुसऱ्यांनीही चालायचं. पहिला मान माझा."

"पट्टी बांधून?"

"पट्टी बांधून. आणि तू मध्ये पडायचं नाही."

"आई, मी आज त्या माणसाच्या छातीवर—"

"तुझ्या बाबांना रस्त्यानं बोलावलं गं. मी पाहिलंय. गाडी थांबली, जणू कुणी दार उघडून धरलं. उगाच नाही थांबत कुणी. नाहीतर मग ते गेले कशासाठी, ते तरी सांग."

कशासाठीचे उत्तर डॉक्टरकडे नव्हते. कसे गेले, एवढेच कदाचित शोधता आले असते. आईला ते पुरणार नाही हे जाणूनही, दुसऱ्या दिवशी दुपारी ती रस्ते विभागाच्या अभियंत्याकडे गेली.

अभियंता हा सतत सर्दी झाल्यासारखा दिसणारा, कंटाळलेला माणूस होता. त्याच्या भिंतीवर शहराचा नकाशा होता आणि नकाशाला लाल टाचण्या टोचल्या होत्या. प्रत्येक टाचणी म्हणजे चालता चालता मेलेला एक माणूस. बाकीच्या शहरात त्या विखुरल्या होत्या. इस्पितळासमोर मात्र त्यांचा झुबका झाला होता, आणि नीट निरखल्यावर दिसले की सगळ्या एकाच पट्ट्यात होत्या. जवळच्या लेनमध्ये एकही नव्हती. सगळे दुसऱ्या लेनमध्ये मेले होते.

"भुताला लेन कळत नाही," अभियंता नाक पुसत म्हणाला. त्याने टेबलावर फाइलींचा खोका ठेवला, त्याच्या पुढ्यात खोडरबर आणि पलीकडे स्टेपलर. "हा खोका म्हणजे दुधाची गाडी. भला माणूस, थांबला. हे खोडरबर तुमचा शिंपी. आणि हा स्टेपलर बाजूच्या लेनमधून येतोय. इथं वाका आणि स्टेपलरच्या जागेवरून बघा. खोडरबर दिसतं?"

डॉक्टर वाकली. दिसत नव्हते. खोक्याने ते पुरते झाकले होते.

"आणि खोडरबरालाही स्टेपलर दिसत नाही," अभियंता म्हणाला. "थांबलेली गाडी हा पडदा असतो, बाई. ड्रायव्हर रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांना अगदी खेटून थांबतो, तिथेच घोळ होतो. थांबायची रेषा बरीच मागे घ्या, पट्टे उंच करा, रस्ता तिथे अरुंद करा, आणि लोकांना शिकवा. मी तसं लिहून वर पाठवलंय. वर गेलेलं खाली येत नाही, एवढाच एक चमत्कार माझ्या पाहण्यात आहे."

आणि मार्गनाथापुढे रस्ता रिकामा होतो तो कसा, असे तिने विचारले. वळणामागे सिग्नल आहे, तो लाल झाला की इथे थोडा वेळ चिटपाखरू नसते, एवढे सांगून अभियंता पुन्हा शिंकला. पण डोळे बांधलेल्या माणसाला, वळणापलीकडचा सिग्नल लाल झाला हे कळते कसे? ते मात्र आपल्या खात्यात येत नाही, असे तो म्हणाला.

त्या दिवशी डॉक्टर मार्गनाथासमोर उभी राहिली नाही. ती वळणापलीकडे, सिग्नलच्या खांबापाशी जाऊन थांबली. तिथे एक शिष्य दात कोरत टेकून उभा होता. दिवा लाल झाला, गाड्या करकचून थांबल्या. शिष्याने काडी तोंडातून काढली आणि घसा मोकळा केला. "उघड, वाट उघड." शेजारच्या म्हातारीने तो घोष उचलला, तिच्याकडून पुढच्याने, आणि तो आवाज भक्तांच्या रांगेतून, वळण घेऊन, दिसेनासा झाला.

रस्त्यालगत लांबवर उभी असलेली ही भाबडी माणसेच निरोपाची तार झाली होती. निरोप वाहून नेणाऱ्यांना आपण काय वाहतो आहोत याचा पत्ता नव्हता. आणि निरोप पोचल्यावर तेच त्याला चमत्कार म्हणत होते.

रविवारी गर्दी इस्पितळाच्या फाटकापर्यंत आली. आईच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला मार्गनाथाने हात पुढे केला, तेव्हा डॉक्टर रांग मोडून आत घुसली. तिने फार काही मागितले नाही. आज घोष नको, एवढेच मागितले. सगळ्यांनी गप्प राहायचे आणि महाराजांनी आधी एकट्याने चालून दाखवायचे.

एका शिष्याचे कोपर तिच्या तोंडावर बसले. ते चुकून बसले नव्हते. ओठ दातांवर फाटला आणि पांढऱ्या कोटावर रक्त ओघळले. गर्दीतून कुणीतरी तिला केसांना धरून मागे ओढले, कुणाची तरी लाथ तिच्या पोटरीवर बसली. ती गुडघ्यांवर पडली.

"सोडा तिला," आई म्हणाली. पट्टी अजून तिच्या हातात होती. ती लेकीच्या हनुवटीवरून ठिबकणारे रक्त पाहत राहिली, आणि मग मार्गनाथाकडे वळली. "महाराज, तिचं जाऊ द्या. मी मागते. एकदा शांततेत चाला. माझा नवरा गेला तेव्हा कुणी गात नव्हतं."

विधवेचे मागणे होते. ते नाकारले तर भक्तांना काय वाटेल, याचा हिशेब मार्गनाथाने केलेला दिसला. त्याने पट्टी बांधली आणि तो धारेवर उभा राहिला. आईने ओठांवर बोट ठेवले, ती खूण रांगेतून मागे मागे गेली, आणि वळणापाशी एकट्या शिष्याचा आवाज दोनदा उठून, कुणीच न उचलल्यामुळे, विरून गेला.

उरला फक्त वाहनांचा आवाज. ट्रक गेला. बस गेली. एक मोटारसायकल इतक्या जवळून गेली की कफनी फडफडली. मार्गनाथाने पाऊल उचलले आणि परत ठेवले. रस्ता आज रुष्ट आहे, तो पुटपुटला. मध्यंतरी एकदा रस्ता पूर्ण मोकळा झाला. सगळ्यांना दिसला, फक्त त्याला दिसला नाही. तो तसाच उभा राहिला. लोंढा पुन्हा आला. आणि मग सगळ्यांच्या देखत, घामेजलेल्या कपाळावर दोन बोटे गेली आणि त्यांनी पट्टीची कड हळूच वर उचलली.

पहिला फटका शिंप्याच्या बायकोचा होता. तिने चप्पल वापरली. त्यानंतर फटके कुणाचे ते कळेनासे झाले. काही दिवसांपूर्वी ज्यांनी डांबराला कपाळ टेकले होते, त्यांनीच मार्गनाथाचे डोके त्याच डांबरावर आपटले. त्याचा हात पिरगाळला गेला आणि हाड मोडल्याचा आवाज डॉक्टरने ओळखला. "फेका त्याला गाडीखाली," कुणीतरी म्हणाले, आणि चौघांनी त्याला उचलून खरोखरच वाहनांपुढे ढकलले. येणाऱ्या टेम्पोची चाके किंचाळली. जळक्या रबराचा धूर झाला. टेम्पो त्याच्या कमरेपासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

थांबला, आणि डॉक्टरला बाजूची लेन आठवली.

ती रक्ताळल्या तोंडाने टेम्पोच्या पुढून धावली, त्याच्या टोकाशी थबकली, वाकून पाहिले आणि दोन्ही हात हलवत आडवी आली. मागून भरधाव आलेली गाडी वाकडीतिकडी होत खांबावर आदळली. काचा फुटल्या, माणूस वाचला. तोवर आई मार्गनाथ आणि गर्दी यांच्यामध्ये आडवी उभी राहिली होती.

"यालाही रस्त्यानंच खायचं का?" ती गर्दीला म्हणाली. "मग तुमच्यात आणि त्याच्यात काय राहिलं?"

मार्गनाथाचा हात डॉक्टरनेच बसवला. तो पूर्वी त्याच सिग्नलवर गाड्यांच्या काचा पुसायची फडकी विकत असे. दिवा केव्हा लाल होतो आणि पुढचा रस्ता केव्हा ओस पडतो, हे तिथेच शिकलो, असे त्याने कण्हत कबूल केले. त्याला स्ट्रेचरवरून नेताना मामा म्हणाले, "महाराज, एक्स-रेच्या खोलीची वाट उघडी आहे. घोष करू, की असंच जायचं?" पुढे पोलीस त्याला आणि शिष्यांना घेऊन गेले.

डॉक्टरने आईला खोका, खोडरबर आणि स्टेपलर स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडून दाखवले. आई वाकून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"म्हणजे त्यांना कुणी बोलावलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"नुसतं दिसलं नाही."

"नुसतं दिसलं नाही, आई."

आई तेव्हा रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शिंप्याच्या बायकोला आणि दूधवाल्या ड्रायव्हरला घेऊन आई रस्ते विभागात गेली, आणि पुन्हा पुन्हा जात राहिली. अखेर वर गेलेले खाली आले. थांबायची रेषा मागे सरकली, पट्टे उंच झाले, फुटपाथ पुढे येऊन रस्ता अरुंद झाला. त्या झुबक्यात त्यानंतर नवी टाचणी लागलेली नाही. यात दैवी काही नाही. कुणीतरी मेलेल्यांच्या जागा नीट मांडून ठेवल्या होत्या, आणि अखेर कुणीतरी त्या पाहिल्या. जिथे माणसे एकसारखी मरतात, तिथे शाप शोधू नये, कारण शोधावे. शापावर उतारा विकणारे दारात येऊन उभे राहतात, आणि कारणाला उत्तर सापडते.

आई आता त्या पट्ट्यांपाशी उभी असते. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच वाक्य सांगते: पहिली गाडी थांबली म्हणजे रस्ता थांबला असं नाही. काहीजण हसतात. ती त्यांच्या दंडाला धरते आणि चालून दाखवते. थांबलेल्या गाडीच्या टोकाशी ती थबकते, वाकते, बाजूच्या लेनमधल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाहते, तो थांबेपर्यंत हलत नाही. मग ओलांडते. बाबांसारखाच आभाराचा हात वर करते, पण पलीकडच्या फुटपाथवर दोन्ही पाय टेकल्यावर.