शेरडं कोन्च्या अंगाला

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट हाय. कर्जतकडलं आमचं गाव, अन् गावात आमची लुथरन किरिस्तावांची मंडळी. थोडी घरं, एक पत्र्याचं देऊळ.

आमचं देवळाचं वरीस काय पाडव्याला बदलत न्हाई. नाताळाच्या आधीचे चार रविवार धरायचे, तिथनं नवं लागतं. त्याच्या आदला रविवार म्हंजी जुन्या वरसाचं शेवटचं टोक. त्या दिशी वरसात वारल्याल्यांची नावं पाळक, म्हंजी आमचा पाद्री, मोठ्यानं घ्यायचा, अन् न्यायाच्या दिसाचा धडा वाचायचा. हसत-खेळत कुनी येत नव्हतं त्या दिशी.

आदल्या सांजंला शांतवन पाळकानं प्रश्नोत्तरीचा वर्ग घेतला. केडगावचा, पोरगेलाच हुता. रीत अशी, का त्यानं वाचायचं, मग आमी समद्यांनी एका सुरात इचारायचं, "ह्याचा अर्थ काय?" मग तो सांगनार. लुथरबाबानंच ती रीत घालून दिली म्हनं. दुसरं काय पाठ असो-नसो, तेवढं आमाला पाठ. घरात बायकू 'भाकरी न्हाई' म्हनली तरी पोरं वरडायची, "ह्याचा अर्थ काय?"

तर त्यानं वाचलं. राजा न्यायाला बसंल, मेंढरं उजव्या अंगाला करंल अन् शेरडं डाव्या. उजवीकडच्यांना राज्य, डावीकडच्यांना कायमचा जाळ. आमी तोंड उघडनार, तेवढ्यात कंदील भकभकला अन् इझला. राकेल रेशनवर, आनायचं कुठनं? पाळक अंधारातनं म्हनला, "राहू द्या. अर्थ मग उद्या उपासनेत सांगतो."

आमी घरी गेलो अन् झोपलो. गोजरबाई मातुर तो जाळ घिऊन घरी गेली.

गोजरबाई माझी शेजारीन. मालक कवाच गेल्याला. लेक पुष्पावती उन्हाळ्यात बाळंतपनात गेली, तिच्यामागं तान्ही चांगुणा राहिली. गावातली गुरं छावनीला, लेकुरवाळ्या बायांचीच छाती आटल्याली. चांगुणा जगली ती गोजरबाईच्या दोन शेरडांवर. शेरडाला काय, काटं बी चालत्यात.

रविवारी सकाळी चांगुणाच्या आवाजानं जाग आली. रडनं नव्हतं ते, नुस्ती कुई-कुई. मी गेलो तर गोजरबाई शेरडांची दावी सोडीत हुती.

"मावशी, लेकरू उपाशी हाय का काय?"

"गुळाचं पानी दिलंय."

"अन् दूध?"

"न्हाई द्यायचं. कर्जतचा खाटीक यायचाय. उपासना झाली का दिऊन टाकते दोनी."

"येड लागलं का तुला? पोरगी मरंल!"

ती वळली. डोळं रातभर जागल्यालं. "श्रीमंता, आज माझ्या पुष्पाचं नाव घेत्याल. ती मेंढरांत हाय, उजव्या अंगाला. अन् तिचं लेकरू मी वाढवलं शेरडीच्या दुधावर. अंगात शेरडाचंच रगत झालं की! त्या दिशी आय उजवीकडं अन् लेक डावीकडं? मी पुष्पाला काय तोंड दावू?"

"अगं, पर उपाशी मेली तर?"

"मेली तर आयकडं तरी जाईल."

घंटा वाजाय लागली तसा मी देवळाकडं पळालो. पाळक झगा घालून वेदीपाशी हुबा, अन् दारात आमचे पंच आप्पासाहेब काठी घिऊन.

"आप्पासाहेब, पाळकासंगं एक शबूद बोलायचाय."

"उपासना लागली. मधी बोलायचं न्हाई. लुथरन हायेस का कोन हायेस?"

"लेकरू मरतंय हो!"

"लेकरं रडत्यातच. बस."

बसलो. काय करनार? गीत झालं, पापाची कबुली झाली. भाईर लिंबाखाली खाटीक इडी वढीत हुता, शेरडं बांधल्याली दिसत हुती. बायांच्या बाजूनं कुई-कुई यायची, पर दर गीतानंतर बारीक हुत चालल्याली. मग ती बी थांबली. त्याचंच मला भ्या वाटलं.

पाळकानं नावं घेतली. "पुष्पावती." घंटेचा एक टोला. टोला इरंपर्यंत घरच्यांनी हुबं राहायचं, ही रीत. टोला इरला. गोजरबाई बसली न्हाई.

"ह्याचा अर्थ काय?" ती म्हनली.

आप्पासाहेबानं काठी आपटली. "गोजरे, खाली बस!"

"बसते. आधी अर्थ. शेरडं जाळात जानार, तर शेरडीच्या दुधावरचं लेकरू कोन्च्या अंगाला?"

कुनीतरी खिक केलं. मग समद्यांना तिच्या खांद्यावर लोंबल्यालं लेकरू दिसलं.

पाळक पांढराफट पडला. "गोजरबाई, हिला दूध?"

"काल सांजपास्नं न्हाई."

"आधी पाजा. मग सांगतो."

"काल बी 'मग'च म्हनलात."

पाळक खाली उतरला. "अहो, रोज माझ्या चहाला दूध कोण पाठवतं? तुम्हीच ना? मग मी कोणत्या बाजूला?"

"तुमचं तुमी बगा. मला माया नगं. शास्त्रातलं सांगा."

तो पानं उलटाय लागला. पानं चिकटत्यात. मी मनात म्हनतोय, बाबा, उरक लवकर.

"ऐका. मिसर देशातली ती रात्र. घराघरानं एक कोकरू कापायचं, त्याचं रक्त दाराला लावायचं, म्हणजे मरण बाहेरूनच जाईल. ते कोकरू मेंढरांतलं घ्या, नाहीतर शेरडांतलं घ्या, असं लिहिलंय."

"शेरडांतलं?"

"शेरडांतलं. देवाला दोन्ही चाललं."

"आप्पासाहेब, तुमाला वाचता येतं. तुमी बगा."

आप्पासाहेबानं चष्मा चढवला, बोट फिरवलं. मघाचा आवाज कुटल्याकुटं गेल्याला. "हाय गं बाई. शेरडं लिवलंय."

"मग डावीकडची कोन?"

"ती माणसं, गोजरबाई. शेरडाचं नाव नुसतं दाखल्यापुरतं. भुकेला दिसला अन् त्याला खायला दिलं नाही, अशी माणसं."

गोजरबाईनं चांगुणाकडं बगितलं. ती मटकन खाली बसली. "म्हंजी काल सांजपास्नं मीच..."

पाळकानं तिला पुढं बोलूच दिलं न्हाई. "श्रीमंत, पळ!"

मी शेरडी वढीत सरळ वेदीपुढं आनली. आप्पासाहेबानं काठी टाकली अन् शिंगं धरली. गोजरबाईनं तिथंच वाटीत दूध काढलं, पदराचं टोक भिजवून लेकराच्या व्हटाला लावलं. वघळ गालावर गेला. परत लावलं. परत गेला.

तिसऱ्या खेपंला व्हट हालला. चुप्. परत चुप्. अन् मग जी काय बोंबलली पोरगी! असलं ग्वाड रडनं मी जल्मात आयकलं न्हाई.

खाटकानं दारातनं मुंडी घातली. "मावशी, शेरडं देनार नव्हं?"

"डाव्या अंगाला जा, मुडद्या!"

पुढच्या रविवारी नवं वरीस लागलं. गोजरबाई चांगुणाला घिऊन आली, मागं दोनी शेरडं. ती तिनं देवळाच्या उजव्या अंगाला बांधली.

मी म्हनलं, "मावशी, अर्थ कळला ना तुला?"

"कळला की. पर डावीकडंच बांधायची आसं तरी कुटं लिवलंय?"